बांधाला पाझर फुटला तर

आपल्या पालघर, बोईसर, तारापूरच्या भागात पाऊस थोडाथोडका नसतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतके पाणी. तेही जवळजवळ सारे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत! डोंगरावरून ते एकदम ओहोळाला येते. त्याचा लोंढा अडवायला आणि सावकाश सोडायला गावाच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घालतात.

मातीचा बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे बरं का. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे कवच असते. ते गाभ्याला आधार देते. पाण्याकडच्या उतारावर दगड लावलेले असतात, कारण लाटा माती खातात. पलीकडच्या उतारावर गवत असते. आणि एका बाजूला असतो सांडवा. बांध भरला की जादा पाणी सांडव्यातून निघून जाते.

सांडव्याची गोष्ट आधी सांगतो, कारण लोक तिथेच हात घालतात. कोणी मासे धरायला सांडव्यात आडवे जाळे लावतो. कोणी म्हणतो, "चार पोती टाकू, हातभर पाणी जास्त साठेल." साठेल खरे. पण मोठ्या पावसात पाणी सांडव्याने जाणार नाही, बांधाच्या माथ्यावरून जाईल. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेले तर तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधावरून गेले तर काही तासांत बांधाची माती वाहून जाते.

दुसरा धोका पोटातला. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. फुटल्यावर मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला, आणि राज्यभर लोकांनी त्यावर टीका केली. खेकडे बांध पोखरतात, हे खोटे नाही. घुशीही पोखरतात. पण बीळ काही एका रात्रीत होत नाही. ते कोणीतरी पाहायला हवे, आणि पाहिल्यावर बुजवायला हवे.

पाझर कसा ओळखावा? बांधाच्या खालच्या पायथ्याशी थोडी ओल असतेच. तिला घाबरू नये. पायथ्याचे पाणी काचेच्या पेल्यात धरावे आणि थोडा वेळ ठेवावे. पाणी स्वच्छ असेल, आणि रोज तेवढेच येत असेल, तर नजर ठेवावी. पेल्याच्या तळाशी गाळ बसला, किंवा पाणी वाढत चालले, तर समजावे की पाणी आतली माती घेऊन येत आहे. आत भुयार होत आहे! मग वाट पाहू नये. खालच्या वस्तीतल्या लोकांना आधी उंचावर न्यावे. रात्र असली तरी न्यावे.

कचेरीची माणसे येईपर्यंत पुष्कळदा लोक पाझराच्या तोंडावर चिखल थापतात. तसे करू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. पाझर लहान असेल तर त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे करावे. आत आधी स्वच्छ वाळू, वर खडी, वर दगड टाकावे. पाणी निघून जाते, माती आत राहते. पाझर मोठा असेल तर मात्र बांधाजवळ कोणी थांबू नये.

खरे काम उन्हाळ्यातले. मृग लागायच्या आत सांडवा मोकळा करावा. बांधावर उगवलेली झाडे लहान असतानाच उपटावी. मोठ्या झाडाची मुळे कुजली की त्या जागी पोकळ नळ्या राहतात. गवत मात्र राहू द्यावे. गुरांची वाट बांधावरून नेऊ नये. बीळ दिसले तर वरून माती लोटू नका. ते खणून मोकळे करा. मग चिकण माती अर्ध्या वितेच्या थरांनी भरा, प्रत्येक थर ओलवा आणि धुम्मसाने ठोका. हे दोन दिवसांचे काम आहे, पण ते कंटाळवाणे आहे, म्हणून राहून जाते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट. डहाणू तालुक्यात धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे पुष्कळ धक्के बसले. धक्का जाणवला की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या माथ्यावरून चालत जावे. लांबट भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्या. भेग खुंटीपलीकडे गेली की वाढते आहे, हे कळते.

खाडीकाठच्या गावांत खारबांधाचेही असेच आहे. त्याच्या उघाडीचे झाकण भरतीला आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. त्यात ओंडका अडकला तर खारे पाणी भातशेतीत शिरते, आणि पुढे काही पावसाळे तिथे पीक धड येत नाही.

2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे. 10 ते 15 मीटरच्या धरणांपैकी काहींनाच. गावाचा दहा-वीस फुटांचा बांध त्यात बसत नाही. म्हणून तक्रार आपणच लिहावी. कोणत्या दिवशी, बांधाच्या कोणत्या टोकाला, काय दिसले आणि पाणी गढूळ होते की स्वच्छ, एवढे लिहावे. अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक ग्रामपंचायतीत द्यावी, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी जपून ठेवावी.