उथळ पाण्यातील वाट

गिरगावात बसमध्ये बसायचे आणि लालबाग-परळला उतरायचे, यात तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच प्रवास करणाऱ्याला आधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागे! गिरगाव मुंबई बेटावर होते आणि परळ हे वेगळे बेट होते. माहीम, वरळी, माझगाव, कुलाबा आणि धाकटा कुलाबा ही उरलेली पाच बेटे. मधल्या सखल जागेत भरतीला पाणी शिरे, ओहोटीला चिखल उरे. चिखल तुडवून आलेले लोक जेथे पाय धूत, ती 'पायधुणी', असे परंपरेने सांगतात. पुढे वरळीजवळचे खिंडार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांध घालून बंद केले, भराव पडले आणि सात बेटांचे एक शहर झाले.

बेटे जोडली गेली, पण त्यांच्या भोवतीचा समुद्र बदलला नाही. कुलाब्याच्या दक्षिण टोकापासून पाण्यात शिरलेली खडकांची रांग, बंदराच्या तोंडाशी असलेले बुडते खडक, दक्षिणेला थळच्या किनाऱ्यासमोरची खांदेरी-उंदेरी ही बेटे, हे सारे आजही जागच्या जागी आहे. अशा पाण्यातून शिडाची छोटी नौका न्यायची झाली तर ती कशी न्यावी? खडक तर दिसत नाहीत, आणि नौकेला मोटारीसारखा ब्रेकही नसतो!

पाण्याचा रंग फसवतो

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रवाळबेटे येतात. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी पाणी इतके स्वच्छ असते, की नावाडी रंगावरून खोली ओळखतो. गडद निळे पाणी खोल, हिरवट पाणी उथळ वाळूचे, आणि तपकिरी डाग दिसला की तेथे प्रवाळखडक आहे असे समजायचे. मात्र सूर्य पाठीशी आणि डोक्यावर हवा. समोर असेल तर त्याची चकाकी सारे झाकून टाकते. म्हणून प्रवाळांच्या प्रदेशात सकाळी पूर्वेकडे आणि सायंकाळी पश्चिमेकडे नौका नेऊ नये, असा दंडक आहे.

मुंबईत हा उपाय चालत नाही. येथील खडक बहुतेक काळ्या बेसॉल्टचे आहेत. (त्यांवर थोडे प्रवाळही वाढतात, बरे का! किनारी रस्त्याच्या कामामुळे २०२० साली हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या काही वसाहती हलवाव्या लागल्या होत्या.) खाड्यांतून येणारा गाळ आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह यांमुळे पाणी नेहमी गढूळ असते. हातभर खोलीवरचा खडकसुद्धा दिसत नाही. तेव्हा जे डोळ्यांना दिसत नाही ते हिशेबाने ओळखावे लागते. त्यासाठी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. माझ्या नौकेला पाणी किती लागते? आत्ता पाणी किती आहे? आणि मी नेमका कोठे आहे?

नौकेला पाणी किती लागते?

वारा मागून येत असेल तर सपाट बुडाची होडीही शिडावर छान चालते. पण वारा बाजूने किंवा तिरपा समोरून आला, की तो नौकेला आडवी ढकलू लागतो. हे घसरणे थांबविण्यासाठी बुडाखाली उभा, खोल भाग असावा लागतो. पाणी त्याला आडवे जाऊ देत नाही, म्हणून नौका पुढे सरकते. म्हणजे वाऱ्याशी झगडायला खोल बूड हवे, आणि खडकावरून जायला उथळ बूड हवे. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहीत. काही लहान नौकांत यासाठी वर ओढून घेता येणारी फळी बसवितात.

उथळ बुडाचे मोल मुंबईकर इंग्रजांना १६७९ साली चांगलेच कळले. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्याकरवी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे होणार, म्हणून इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा दिला. त्यांची 'रिव्हेंज'सारखी मोठी जहाजे तोफांत वरचढ होती आणि खुल्या पाण्यातील लढाईत ते दिसूनही आले. पण मराठ्यांच्या हलक्या होड्या रात्री वेढ्यातून निसटून बेटावर माणसे आणि सामान पोहोचवीत, आणि पाठलाग झाला की किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात शिरत. तेथे मोठ्या जहाजाने यायचे म्हणजे रुतून बसायचे! वल्ही असल्याने वारा पडला तरी त्यांचे अडत नसे. अखेर १६८० च्या सुरुवातीस इंग्रजांनी तडजोड केली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हा किल्लाही आहे.

आत्ता पाणी किती आहे?

मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत (हिला कोकणात 'सुकती' असेही म्हणतात) चार-साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो. सकाळी उघडा दिसणारा खडक दुपारी दोन पुरुष पाण्याखाली असू शकतो! म्हणून येथे नकाशाइतकेच घड्याळ महत्त्वाचे.

भरतीची वेळ काढण्याची एक सोपी युक्ती कोकणात चालत आली आहे : तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे.

हे जमते कसे? चंद्र रोज उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही रोज उशिरा येते. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथींत ती सुमारे १२ तास मागे पडते. १२ तासांची ७२० मिनिटे, त्यांना १५ ने भागा : ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. किती जवळचे उत्तर! मुंबईत अमावास्येची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते, म्हणून हा हिशेब येथे लागू पडतो. वेळ कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त चुकते, तेव्हा नौका हाकारताना छापील कोष्टकच पाहावे.

याचा पडताळा सर्व मुंबईने ७ सप्टेंबर २०२५ रोजी पाहिला. लालबागच्या राजाची मूर्ती त्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर आली. तिथी होती भाद्रपद पौर्णिमा. आपल्या हिशेबाने भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पाणी चढत होते. गाडा वाळूत टेकलेला आणि तराफा लाटांवर वर-खाली होणारा. मूर्ती एकावरून दुसऱ्यावर जाईना. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे सायंकाळी साडेपाचच्या आसपास पूर्ण ओहोटी येणार होती. ओहोटी लागल्यावर दुपारनंतरच मूर्ती तराफ्यावर चढली, आणि पाणी पुन्हा चढू लागल्यावर रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झाले. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आले, की दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास त्या ओढी काटकोनात असतात, तेव्हा येते ती भांगाची भरती. ती चढते कमी आणि उतरतेही कमी.

आता मधल्या वेळी पाणी किती असेल? ते सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढ १२ भाग धरला, तर सहा तासांत ते अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढते.

एक उदाहरण करू. समजा, ओहोटीला पाणी ०.६ मीटर आणि भरतीला ४.८ मीटर आहे. चढ ४.२ मीटर, आणि एक भाग ०.३५ मीटर. पहिल्या तासाअखेर पाणी ०.९५, दुसऱ्याअखेर १.६५, तिसऱ्याअखेर २.७०, चौथ्याअखेर ३.७५ मीटर होईल. वाटेतील खडकाचा माथा नकाशाच्या शून्य पातळीपासून (ही पातळी सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपास धरतात) १.५ मीटर उंच आहे. नौकेला १ मीटर पाणी लागते, आणि खाली अर्धा मीटर मोकळे हवे. बेरीज ३ मीटर. म्हणजे ओहोटीनंतर सुमारे सव्वातीन तास थांबले पाहिजे. तेव्हापासून भरती होऊन पाणी पुन्हा तेवढे उतरेपर्यंत साधारण साडेपाच तास वाट खुली राहील. पण भांगाच्या दिवशी ओहोटी १.८ आणि भरती ३.२ मीटर असेल तर? हिशेब करून पाहा. वाट जेमतेम पावणेतीन तास खुली राहील. तोच खडक, तीच नौका, बदलली फक्त तिथी!

शिवाय उथळ पाण्यात शिरायचे ते नेहमी चढत्या भरतीत. त्या वेळी नौका रुतली, तरी पाणीच तिला उचलते. भरती पूर्ण झाल्यावर रुतली, तर पुढचे पाणी उतरत जाणार. प्रसिद्ध दर्यावर्दी जेम्स कुक यांच्यावर हाच प्रसंग आला. ११ जून १७७० च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीत त्यांचे 'एंडेव्हर' जहाज खडकावर चढले, आणि तेही भरतीच्या सुमारास! तोफा, लोखंड आणि दगड मिळून ४० टनांहून अधिक ओझे समुद्रात फेकले, तरी दुसऱ्या दिवशीच्या भरतीला जहाज हलले नाही, कारण दिवसाची भरती रात्रीपेक्षा कमी होती. त्या रात्रीची भरती मोठी आली, तेव्हा कोठे ते सुटले.

मी कोठे आहे?

किनाऱ्यावरील दोन खुणा, एक जवळची व एक दूरची, एकामागे एक दिसल्या की तुम्ही त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर आहात. नौका बाजूला सरकली, की खुणा एकमेकींपासून फुटतात. अशाच आणखी दोन खुणांची दुसरी रेषा मिळाली, तर दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात, आणि तोच तुमचा ठाव! भूमितीच्या तासाला शिकलेला हा नियम डोंगरमाथा आणि देवळाचा कळस पाहणाऱ्या कोळीबांधवांच्या रोजच्या वापरातला आहे.

रात्री हे काम दीपस्तंभ करतात. खांदेरीचा दीपस्तंभ १८६७ सालचा. कुलाब्याच्या दक्षिणेला खडकांच्या टोकावर सुमारे ४० मीटर उंच प्राँग्ज दीपस्तंभ १८७५ साली उभा राहिला. तो 'इकडे या' असे सांगत नाही. 'येथे खडक आहे, दूर राहा' असे बजावतो.

खोली मोजण्याचे जुने साधन म्हणजे शिशाचे वजन बांधलेली दोरी. ती वावांत मोजत. एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर. शिशाच्या बुडाशी चरबी भरत. तिला वाळू चिकटली, की चिखल, की काहीच नाही, यावरून तळ कसा आहे ते कळे. आज ध्वनीचा प्रतिध्वनी हे काम करतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परतला, तर जाऊन-येऊन अंतर ३० मीटर, म्हणून खोली १५ मीटर. पण हे यंत्र नौकेच्या खालचे सांगते, पुढचे नाही. उपग्रहांकडून ठावठिकाणा कळतो, पण खडकावर या घटकेला पाणी किती आहे, ते त्या आकड्यांत नसते. म्हणून शहाणा नावाडी तिन्ही प्रश्नांची उत्तरे काढतो, आणि ती एकमेकांशी जुळली नाहीत तर नांगर टाकून थांबतो.

करून पाहा

गिरगाव किंवा दादरच्या चौपाटीवर, वाळूवर कोरड्या जागी उभे राहून एखादी पायरी, भिंत किंवा पाइप निवडा. आठ दिवस पाणी तेथपर्यंत केव्हा पोहोचते ते लिहून ठेवा. शेजारी तिथी आणि तिची पाऊणपट लिहा. शिक्षकांनी वर्गात दोन्हींचा आलेख काढून घ्यावा. युक्ती कोणत्या तिथीला सर्वांत जास्त चुकते, हे तुमचे तुम्हालाच सापडेल.

मात्र हे निरीक्षण एकट्याने करू नका आणि खडकांवर उतरू नका. पाणी सर्वांत वेगाने चढते ते तिसऱ्या आणि चौथ्या तासाला, हे तुम्ही वर पाहिलेच आहे. वरच्या उदाहरणात त्या प्रत्येक तासात ते एक मीटरहून अधिक चढले. पायाखालचा खडक बेट केव्हा झाला, हे त्यावर गप्पा मारत बसलेल्याला कळत नाही. ज्याने हिशेब केला आहे, तो त्याआधीच किनाऱ्यावर परतलेला असतो.