गावठी लाकूड वापरण्यापूर्वी

कामोठ्यातील फ्लॅटच्या चौकटीला रायगडच्या वाडीतले लाकूड चालेल का? चालेल. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत गावठी लाकडाला मनाई नाही. पाहिली जाते ती प्रत. मात्र सुतार व व्यापारी बंधूंनी सौद्याआधी कागद पाहावेत. साग, ऐन, आंबा, फणस ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तोडीची परवानगी आणि लागेल तेथे वाहतूक पास मागून घ्यावा.

मग टिकाऊपणा. भारतीय मानकाप्रमाणे जमिनीत पुरलेले नमुने सरासरी १२० महिने वा अधिक टिकले तर लाकूड पहिल्या वर्गाचे. ६० महिन्यांच्या आत गेले तर तिसऱ्या. सागाचा गाभा पहिल्यात, आंबा तिसऱ्यात. सागाच्याही बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड लागते. तो औषध दिल्याशिवाय वापरू नये. चौकट फुगली किंवा वाळवी लागली, तर गिऱ्हाईक बोल लावते ते कारागिरालाच.