मसल, स्पोर्ट्‌स, एक्झॉटिक... आणि मेळघाटातलं वळण

लाल रंग, दोनच दारं आणि बुटकी बॉडी दिसली की आपलं पब्लिक एका सुरात ओरडतं, ‘बॉस, स्पोर्ट्‌स कार!’ मग ती मस्टँग असो, लॅम्बॉर्गिनी असो, नाहीतर मागे स्पॉयलर ठोकलेली कुणाची तरी हॅचबॅक. हटकलं तर उत्तर ठरलेलं : ‘काय फरक पडतो यार?’

पडतो. सॉलिड पडतो. तो बघायला शोरूममध्ये जाऊन उपयोग नाही, कारण तिथे सगळ्याच गाड्या उभ्या असतात. त्यापेक्षा माझ्याबरोबर परतवाडा ते धारणी या रस्त्यावर चला.

धारणी म्हणजे अमरावती जिल्ह्याचं मध्य प्रदेशाला टेकलेलं टोक. अमरावतीहून साधारण दीडशे किलोमीटर. परतवाडा सोडलं की सातपुडा सुरू होतो आणि घटांग, सेमाडोह, हरिसाल करत रस्ता मेळघाटच्या जंगलातून वळत राहतो. मागच्या पावसाळ्यात एका स्टोरीसाठी मी इथून काळीपिवळीने गेले. जीपमध्ये किती माणसं होती ते लिहीत नाही, आरटीओवालेही वाचत असतील. मला पुढची सीट मिळाली आणि मोबाइलवरचे गाड्यांचे फोटो बघून ड्रायव्हरभाऊंचं कुतूहल जागं झालं. मग आमचा खेळच सुरू झाला : यातली कुठली गाडी या घाटात टिकेल?

पहिला फोटो मसल कारचा. ही अस्सल अमेरिकन चीज. 1964 मध्ये पाँटिअ‍ॅकने जीटीओ काढली तिथून या जातीची खरी सुरुवात मानतात. त्यामागचा किस्सा भन्नाट आहे. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पाँटिअ‍ॅकच्या इंजिनिअर मंडळींनी (त्यात पुढे स्वतःची कंपनी काढणारा जॉन डिलोरियनही होता) पळवाट शोधली. नवी गाडी म्हणून न आणता जुन्या टेम्पेस्ट गाडीवरचं ऑप्शन पॅकेज म्हणून 389 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं व्ही-8 इंजिन देऊ केलं. किंमत सुमारे 296 डॉलर एक्स्ट्रा! पहिल्याच वर्षी 32 हजारांवर गाड्या खपल्या. नाव मात्र बिनदिक्कत फेरारीच्या 250 जीटीओवरून उचललेलं.

फंडा साधा. सामान्य माणसाची गाडी, त्यात आडदांड इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि किंमत तरुण पोरांना झेपेल इतकी. सिग्नल सुटला की पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, सुसाट. बस्स. वळण? त्याचा विचार कोणी केला होता! त्या पहिल्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. म्हणजे पळायची सोय पुरेपूर आणि थांबायची सोय घरच्या गाडीइतकीच. पुढे विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे कायदे आणि 1973 चं तेलसंकट यांनी या बैलांना वेसण घातली. आपल्याकडे फोर्डने 2016 मध्ये पाच लिटरची मस्टँग अधिकृतपणे आणली. जाणकार तिला ‘पोनी कार’ म्हणतात, पण आवाज ऐकल्यावर तो वाद घालायची इच्छा राहत नाही. 2021 मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवायची घोषणा केली आणि तो अध्याय आटोपला.

आता स्पोर्ट्‌स कार. इथे आपल्या सगळ्यांचा घोळ होतो, कारण आपल्याला वाटतं स्पोर्ट्‌स म्हणजे स्पीड. माझदाची एमएक्स-5 घ्या. 1989 मध्ये आली तेव्हा इंजिन फक्त 1.6 लिटर, ताकद 115 हॉर्सपॉवरच्या आसपास. आजकाल सोसायटीच्या पार्किंगमधली मध्यम एसयूव्हीही तेवढी ताकद देते! तरी ही जगातली सर्वाधिक बनलेली टू-सीटर स्पोर्ट्‌स कार. 2016 मध्ये तिने दहा लाखांचा आकडा ओलांडला. कारण वजन एक टनाच्या आत, ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास निम्मंनिम्मं वाटलेलं आणि स्टिअरिंग असं, की रस्ता तळहाताला कळावा.

वजनाचं एवढं कौतुक का? टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ठरलेलाच असतो. सगळा ब्रेक मारण्यात उडवला तर वळायला काही उरत नाही. गाडी जितकी जड आणि स्पीड जितका जास्त, तितका खर्च मोठा. ओल्या रस्त्यावर तर पगारच कापून येतो. जड नाकाची मसल कार वळणावर सरळ जाऊ पाहते ती यामुळे, आणि हलकी स्पोर्ट्‌स कार कमी ताकदीत तेच वळण लीलया घेते तीही यामुळेच.

आणि हो, हा प्रयोग आपल्या मातीत झालाय. गोव्यात सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची टू-सीटर काढली होती. फायबरग्लासची बॉडी, रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन, ताकद साठेक हॉर्सपॉवर. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने जुन्या लोटस सेव्हनच्या वळणाची रोडस्टर बनवली, तिच्यात इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन. दोन्ही फारशा खपल्या नाहीत. तेवढ्या पैशात चार दारांची, एसीवाली, आईबाबांना घेऊन अष्टविनायक करणारी गाडी येत असेल तर टू-सीटर घेणार कोण? पण व्याख्येला धरून बोलायचं तर या खऱ्या स्पोर्ट्‌स कार होत्या, स्पॉयलरवाली हॅचबॅक नव्हे.

एक्झॉटिकवर मी फार शाई खर्च करणार नाही, त्यांच्यावर पैसे खर्च करणारे बरेच आहेत. इथे कसोटी दोनच : किती थोड्या बनल्या आणि किती महाग आहेत. मॅकलारेनची एफ-1 एकूण 106 बनली आणि तिच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावलेला, उष्णता परतवायला! वऱ्हाडकरांना आवडेल अशी एक गोष्ट मात्र सांगते. लॅम्बॉर्गिनीचा मालक फेरुचिओ मुळात ट्रॅक्टरवाला. 1948 पासून ट्रॅक्टर बनवायचा, गाड्या 1963 मध्ये सुरू केल्या आणि 1966 मध्ये आली ‘मिउरा’, सीटच्या मागे आडवं बसवलेलं बारा सिलिंडरचं इंजिन घेऊन. तिथून एक्झॉटिकचा साचाच ठरला. आपल्यासाठी एक्झॉटिक म्हणजे सचिनची फेरारी 360 मोडेना. 2002 मध्ये भेट मिळाली, मग एक कोटीवरच्या कस्टम ड्युटीवरून देशभर गदारोळ झाला, शेवटी ती फियाटने भरली आणि 2011 मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली.

ड्रायव्हरभाऊंनी लॅम्बॉर्गिनीचा फोटो नीट पाहिला. किंमत विचारलीच नाही. म्हणाले, ‘‘लय खालतं हाय ताई हिचं पोट. पयल्याच गतिरोधकावर घासन.’’ बरोबर होतं. या गाड्यांचं पोट जमिनीपासून चार-पाच इंचांवर असतं.

आणि ते स्वतः चालवत होते ती ट्रॅक्स? फोर्स मोटर्सची, म्हणजे आपली पुण्याची. तिच्या डिझेल इंजिनाची मूळ रचना चक्क मर्सिडीजची. ज्या तारेसाठी आपण ईएमआयची गणितं मांडतो, तिचा वंश धारणीच्या स्टँडवर कधीचाच उभा आहे! स्वभावाने ही ओढणारी गाडी : कमी फेऱ्यांवर भरपूर टॉर्क, म्हणजे चढावर माणसं आणि पोती ओढायची ताकद. या एका बाबतीत ती मसल कारची गरीब मावसबहीण. पण उंच आणि जड, म्हणजे वळणावरचा ‘पगार’ सगळ्यात तुटपुंजा तिचाच. म्हणून उतार लागताच भाऊंनी सेकंड गिअर टाकला आणि घाट संपेपर्यंत काढला नाही. ब्रेकला पाय जेमतेम. ‘‘ब्रेकावर उतरलं ना ताई, तं खाली येईस्तोर ब्रेकच रायत नाई.’’ याला पुस्तकात इंजिन ब्रेकिंग म्हणतात. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत, हे जीटीओलाही लागू आणि ट्रॅक्सलाही.

हे शास्त्र या रस्त्यावर ऐच्छिक विषय नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अमरावतीहून धारणीकडे येणारी एक खासगी बस सेमाडोहजवळ रस्त्यावरून खाली कोसळली आणि प्रवाशांचे जीव गेले. धारणीतला गंभीर पेशंट मोठ्या उपचारांसाठी अमरावतीला न्यायचा तर याच वळणांवरून, रात्रीबेरात्री, पावसात. आणि याच भागात पावसाळ्यातल्या वीकेंडला आपण येतो. चिखलदऱ्याला. नव्या गाडीचा पिकअप बघायला.

तेव्हा पुढच्या वेळी टेस्ट ड्राइव्हला गेलात की सेल्समनला हॉर्सपॉवर सोडून इतर चार गोष्टी विचारा. गाडीचं वजन किती? मागच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत की ड्रम? ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, तुम्ही घेताय त्याच मॉडेलमध्ये आहे की फक्त टॉप मॉडेलमध्ये? टायर कुठले? ऑटोमॅटिक असेल तर उतारावर खालच्या गिअरमध्ये कशी ठेवायची, हेही तिथेच करून बघा. रंग लाल घ्या, आमची ना नाही.