नर्सबाईंची नोंदणी कशासाठी?

मंडळी, 'येणं' हे आपल्या मराठीतलं क्रियापद मोठं शहाणं आहे. पोहणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत असतं, पण पोहायला येतंच असं नाही. गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या ग्रंथात हाच भेद सविस्तर मांडला. आज आपण तो परिचारिकेच्या शिक्षणाला लावून पाहू. बारावी झालेल्या मुलीला 'नर्सिंगला घालायचं' हा विषय ओतूरकडच्या घरांना काही नवा नाही.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात साधारण वर्षभराचं शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन परवानाधारक परिचारिका होता येतं. आपल्याकडे त्याच्या जवळचा अभ्यासक्रम म्हणजे एएनएम, अर्थात सहायक परिचारिका प्रसाविका. मुदत दोन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. बारावी लागते, पण विज्ञान शाखाच हवी असं नाही. जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा, ते वेगळे.

ही मुलगी पुढे कुठे काम करते? बहुतेकदा उपकेंद्रात. सपाटीवर ५,००० लोकसंख्येला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, असं सरकारी प्रमाण आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात दोन्ही प्रकारची गावं आहेत. माळशेजकडच्या वाडीवर डॉक्टर पोचण्याआधी नर्सबाई पोचतात.

आता एक उदाहरण घेऊ. बाळंतपणानंतर फार रक्तस्राव होऊ नये म्हणून बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्यायचं असतं. हे पुस्तकात आहे, पाठ करता येतं. पण सुई टोचण्याआधी पोटावर हात ठेवून पाहायचं असतं, की आत दुसरं बाळ नाही ना? असेल, तर गर्भाशय आवळून त्याच्या जिवावर बेतेल. एका मिनिटात हाताला हे कळायला हवं. हे झालं 'येणं'. म्हणून ते सहा महिने महत्त्वाचे.

पण एवढ्यानं भागतं का? नाही. गोवराच्या लसीची कुपी एकदा कालवली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. समजा, चार तास उलटून गेले आणि लांबच्या वाडीवरून एक आई कडेवर पोर घेऊन आली. कुपीत लस दिसते आहे. बघायला कोणी नाही. नियम माहीत आहे, सुई टोचायला येते. आता लागतं ते तिसरंच काहीतरी. आपल्या कृतीचा जाब आपण देणं लागतो, ही जाणीव.

इथे कोणी विचारील, जुन्या सुईणींकडे कुठे परवाना होता? प्रश्न रास्त आहे. पण सुईणीला अख्खं गाव ओळखत होतं, आणि तिलाही त्याच गावात राहायचं होतं. ओळख हाच तिचा परवाना. आज रात्री दोन वाजता दवाखान्यात आपल्या आईला सलाईन लावणारी मुलगी कोण, कुठली, हे आपल्याला ठाऊक नसतं. ओळखीची ती जागा आता नोंदणीनं घेतली आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७चा, महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६चा. नोंदणी म्हणजे हुशारीचं बक्षीस नव्हे. चुकलं तर कोणाला विचारायचं, याचं उत्तर म्हणजे नोंदणी.

म्हणून पालकांनो, कुठे 'सहा महिन्यांत नर्स' अशी पाटी दिसली, तर फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. संस्थेला शासनाची आणि परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार? आणि शेवटी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत मुलीची नोंदणी होणार का? तोंडी उत्तरावर जाऊ नका, कागद मागा आणि परिषदेकडे पडताळून घ्या. नोंदणी नसली तर मुलगी राबते नर्ससारखी, पण कायद्याच्या लेखी ती नर्स नसते. पगार मागताना तिच्या हाती काही नसतं, आणि उद्या काही बिघडलं तर पाठीशीही कोणी नसतं. रुग्णाचं नुकसान होतं ते वेगळंच.

आता आपले प्रश्न असतील तर घेऊ.