साबुदाणा, पिठ्या ढेकूण आणि सार्वजनिक खर्च

एकादशीला महाराष्ट्रातील घराघरांत शिजणारा साबुदाणा बहुतांशी तमिळनाडूतील सेलम परिसरातून येतो. कसावाच्या कंदातील स्टार्चपासून तो तयार होतो. या पिकावर आलेल्या एका किडीची हकिगत केवळ कीटकशास्त्रापुरती मर्यादित नाही. मर्यादित निधीतून लहान शेतकऱ्याच्या भल्यासाठी शासनाने नेमका कशावर खर्च करावा, हा प्रश्न आशियातील बहुतेक कृषिप्रधान देशांपुढे आहे आणि त्याच्या उत्तराचा एक भाग या हकिगतीत सापडतो.

कीड आणि तिचा प्रसार

कसावावरील पिठ्या ढेकूण (फेनाकोकस मॅनिहोटी) मूळचा दक्षिण अमेरिकेतील आहे. १९७०च्या दशकात तो आफ्रिकेत, २००८ मध्ये थायलंडमध्ये आणि २०२० मध्ये केरळातील त्रिशूर येथे आढळला. पाठोपाठ तमिळनाडूच्या कसावा पट्ट्यातही त्याचा शिरकाव झाला. या किडीची मादी नराविना प्रजनन करते. त्यामुळे बेण्याच्या कांडीबरोबर आलेली एक मादीही नव्या प्रादुर्भावास पुरेशी ठरते. रसशोषणामुळे शेंडा गुच्छासारखा आखडतो आणि कंद पोसत नाहीत. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीचा परिणामही अपुरा राहतो. थायलंडमध्ये ही कीड आणि दुष्काळ यांच्या एकत्रित फटक्याने कसावाचे उत्पादन २००९ मधील सुमारे ३ कोटी टनांवरून २०१० मध्ये सुमारे २.२ कोटी टनांवर घसरले.

मित्रकीटकाचे आगमन

परदेशी कीड आपले नैसर्गिक शत्रू मागे ठेवून येते. ते शत्रू मूळ प्रदेशातून शोधून आणणे, हे पारंपरिक जैविक नियंत्रणाचे सूत्र होय. ॲनागायरस लोपेझाय हा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा परोपजीवी कीटक पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडे घालतो. अळी यजमानाला आतून खाऊन प्रौढ होते आणि बाहेर पडते. आफ्रिकेत यशस्वी ठरलेला हा कीटक बेनिनमधून थायलंडने २००९ मध्ये नेला. बेंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने तो २०२१ मध्ये आणला. संगरोध कक्षात त्याच्या सुरक्षिततेच्या चाचण्या झाल्या आणि मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत त्याचे क्षेत्रीय प्रसारण सुरू झाले.

याच संस्थेने २०१० मध्ये पपईवरील पिठ्या ढेकणाविरुद्ध ॲसेरोफॅगस पपयी हा कीटक पोर्तो रिकोहून आणला होता. तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्रातील पपई आणि तुती उत्पादकांना त्याचा लाभ झाला.

बाजार हे काम का करत नाही?

स्थिरावलेला मित्रकीटक स्वतःच वाढतो व बांध ओलांडून पसरतो. ज्याने पैसे दिले नाहीत, त्याच्या शेतातही तो काम करतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा गुण. विक्रेत्याच्या दृष्टीने मात्र हाच दोष. दर हंगामात पुन्हा विकता न येणाऱ्या वस्तूत कोणतीही कंपनी भांडवल गुंतवणार नाही. म्हणूनच हा खर्च सार्वजनिक संस्थेनेच करावा लागतो. अल्पभूधारक, कुळाने कसणारा आणि कर्ज न मिळणारा शेतकरी या सर्वांपर्यंत हा लाभ अर्जाविना पोहोचतो.

अनुदानाची दुसरी बाजू

याउलट उदाहरण इंडोनेशियाचे. तेथे कीटकनाशकांवर मोठे सरकारी अनुदान होते. बेसुमार फवारणीने भातातील मित्रकीटक नष्ट झाले आणि तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक वाढला. १९८६ मध्ये सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, १९८९ पर्यंत अनुदान संपवले आणि शेतकऱ्यांसाठी शेतीशाळा सुरू केल्या. स्वस्त विषापेक्षा शेतकऱ्याचे ज्ञान वाढवणे अधिक फलदायी, हा त्याचा बोध.

फवारणीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पीकसंरक्षणाचे धोरण हे आरोग्य आणि श्रमिकसुरक्षेचेही धोरण आहे, हे तेव्हा लख्खपणे दिसले.

मर्यादा आणि अपेक्षा

जैविक नियंत्रण हा सर्व किडींवरील रामबाण उपाय नव्हे. मित्रकीटक स्थिरावण्यास वेळ लागतो आणि या काळात रासायनिक फवारणी झाल्यास तो प्रथम मरतो. म्हणून कसावाचे बेणे कीडमुक्त क्षेत्रातूनच घ्यावे, आखडलेले शेंडे काढून नष्ट करावेत, आणि मित्रकीटक सोडलेल्या शेतात फवारणीपूर्वी नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

धोरणकर्त्यांपुढील अडचण निराळी आहे. न आलेल्या कीडसंकटाची बातमी होत नाही. त्यामुळे ते टाळणाऱ्या संगरोध व्यवस्थेचा आणि वर्गीकरणतज्ज्ञांच्या पदांचा विचार खर्चकपातीच्या वेळी सर्वांत आधी होतो. नवी कीड मात्र कोणत्याही अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. ती येईल तेव्हा तिला ओळखणारा माणूस प्रयोगशाळेत असणे, ही विकासाची अत्यल्प खर्चाची आणि अत्यावश्यक तरतूद आहे.