काळ्या कातळाचा वाद

नागाव हे माझं आजोळ, त्यामुळे इथे पाहुणा म्हणून खुर्चीत बसायला जरा अवघडल्यासारखं होतं. येताना वाटेत अक्षीला थांबलो. तिथल्या शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा धरतात. आपल्या नागावातही चौदाव्या शतकातला लेख आहे. दगडावर माणसाने कोरलेली अक्षरं वाचणारे विद्वान आपल्याकडे पुष्कळ झाले. पण अक्षरं कोरण्याआधी दगडात जे लिहिलेलं असतं, ते वाचायला माणूस कसा शिकला? आजचा विषय तो आहे. त्यासाठी आपल्याला जर्मनीत जावं लागेल, आणि परत यायचं ते थेट नागावातच. वाटेत तुमच्याच गावचा एक मुलगा भेटणार आहे, तेव्हा कोणी मधे उठू नका.

लहानपणी मामाच्या वाडीत विहीर खणताना वरची वाळू आणि माती संपली आणि काळा कातळ लागला. पहारीने ठिणग्या उडायला लागल्या. मी विचारलं, हा दगड कुठून आला? मामा म्हणाला, "समुद्रातून. परशुरामाने समुद्र मागे हटवला, खाली हे उघडं पडलं." मंडळी, हसू नका. अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपातला सर्वांत मोठा भूशास्त्राचा प्राध्यापक अगदी हेच सांगत होता. परशुराम वगळून.

त्याचं नाव अब्राहम गोटलोब वेर्नर. जन्म १७४९. जर्मनीच्या साक्सनी प्रांतात फ्रायबर्ग नावाचं गाव आहे. तिथे शेकडो वर्षांच्या चांदीच्या खाणी होत्या, आणि १७६५ साली खाणविद्येची अकादमी निघाली. वेर्नर तिथे १७७५ पासून शिकवायला लागला. त्याआधी दगडांविषयी बोलणारे एक तर खाणीतले कारागीर होते, नाहीतर पृथ्वीच्या जन्माच्या कथा रचणारे पंडित. वेर्नरने सांगितलं, आधी नीट बघा. रंग, चकाकी, कठीणपणा, जडपणा, फुटल्यावर कसा दिसतो, हे सगळं ठरलेल्या शब्दांत लिहा. मग कोणता थर कशाच्या वर आहे ते बघा, कारण खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा. खडकांना कालक्रम असतो ही गोष्ट त्याने दोन पिढ्यांच्या अंगी मुरवली. स्वतः फार थोडं लिहिलं, पण बोलायला लागला की मुलं भारावून जायची. युरोपभरातून विद्यार्थी फ्रायबर्गला यायचे.

त्याचा सिद्धान्त असा. आरंभी पृथ्वीवर सर्वत्र महासागर होता. खडक हे त्या पाण्यातून थराथराने साचले. बेसॉल्ट, म्हणजे आपला हा काळा कातळ, तोही तसाच. १७८७ साली शायबेनबर्ग नावाच्या टेकडीवर त्याने पाहिलं, तर खाली वाळू, वर चिकणमाती, तिच्यावर हळूहळू बदलत गेलेला बेसॉल्ट. झालं! वाळू पाण्यात साचते, माती पाण्यात साचते, मग वरचा दगड आगीतून कसा येईल? ज्वालामुखी ही त्याच्या मते अलीकडची, किरकोळ गोष्ट होती. जमिनीखालचा दगडी कोळसा पेटतो आणि जवळचा खडक वितळतो, एवढंच.

हे वेडगळ वाटतं का? मग माळशेज घाटात जा आणि सह्याद्रीकडे बघा. एकावर एक आडवे थर, जणू वह्या रचून ठेवल्यात. कोणालाही वाटेल की हे पाण्यात साचलंय. मुंबईत वरळीला तर दोन लाव्हांच्या थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा थर सापडला, आणि त्यात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म. वेर्नरला ते दाखवले असते तर त्याने टाळ्या पिटल्या असत्या. आणि पाण्यात दगड होतच नाहीत असंही नाही. आपल्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्याने बांधले जाऊन दगड होतो, तो समुद्राचाच.

मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून वेर्नरची चूक कुठे आहे ते मला आमच्या भाषेत सांगू द्या. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. वेर्नरची व्याप्ती होती, थर तिथे पाणी. पण पातळ लाव्हारसही पाण्यासारखाच पसरतो, थंड होतो, त्यावर दुसरा येतो. म्हणजे थर हा हेतू पाण्याबरोबर राहतो आणि अग्नीबरोबरही राहतो. याला सव्यभिचार म्हणतात. आता हे वेर्नरला कळणार कसं? साक्सनीत जिवंत ज्वालामुखी नाही, आणि प्रकृती नाजूक असल्यामुळे तो फारसा प्रांताबाहेर गेलाच नाही. साक्सनीत जे दिसलं ते त्याने पृथ्वीला लावलं.

विरोधक होते. फ्रान्समध्ये देमारे, स्कॉटलंडमध्ये हटन. पण मला रस आहे तो त्याच्या शिष्यांत. फोइग्ट हा त्याचाच विद्यार्थी. त्याने गुरूच्या तोंडावर सांगितलं की बेसॉल्ट ज्वालामुखीचाच आहे, आणि मग दोघांचं जाहीर भांडण जुंपलं. दुसरा लेओपोल्ड फोन बुख. हा तर सोळाव्या वर्षी फ्रायबर्गला आला आणि वेर्नरच्या घरीच राहिला. घरचा मुलगाच म्हणा. पुढे तो इटलीत व्हेसुव्हियस बघून आला आणि १८०२ साली फ्रान्समधल्या ओव्हेर्न भागात गेला. तिथे विझलेल्या ज्वालामुखींच्या तोंडातून निघालेला लाव्हा पायवाटेसारखा खाली उतरत जातो, आणि त्याच्या टोकाशी हात लावला तर बेसॉल्ट. शिवाय आसपास कोळसा नाहीच. म्हणजे गुरूचं सगळं इंधनच गेलं.

बुखने काय केलं असेल? लगेच झेंडा बदलला नाही. तो म्हणाला, इथला बेसॉल्ट आगीतला आहे खरा, पण म्हणून जर्मनीतलाही तसाच आहे असं मी म्हणत नाही. मला हे वाक्य फार आवडतं. त्यात तर्क कमी आणि माणूस जास्त आहे. ज्याच्या घरचं अन्न खाल्लं त्याला एकदम खोटं कसं ठरवायचं! अखेर त्याने सगळंच मान्य केलं, पण वर्षं गेली.

त्याचा सहाध्यायी आलेक्सांडर फोन हुम्बोल्ट. या गृहस्थाने १७९० साली ऱ्हाइन नदीकाठच्या बेसॉल्टवर पुस्तक लिहिलं तेव्हा तोही पाण्याच्याच पक्षाचा होता. नंतर दक्षिण अमेरिकेत जाऊन अँडीजचे ज्वालामुखी चढला आणि मत बदललं. कवी गटे मात्र पाण्याचा पक्ष सोडायला तयार नव्हता. 'फाउस्ट'च्या दुसऱ्या भागात त्याने हा वाद पात्रांच्या तोंडी घातलाय. त्याच्या नावाचं लोहखनिज आहे, गोथाइट. रत्नागिरीच्या नाहीतर माथेरानच्या जांभ्या दगडात ते असतं. कोकणी माणूस घर बांधतो, भिंतीत थोडा गटे असतो.

इथे मला स्वतःचं एक सांगायचंय. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एम.ए.च्या वर्गात मी कांट शिकवत होतो. या कांटने भूगोलही वर्षानुवर्षं शिकवला, लिस्बनच्या भूकंपावर लेख लिहिले, आणि स्वतः आपल्या प्रांताबाहेर कधी गेला नाही, हे जाता जाता. एका मुलाने निबंधात लिहिलं की, वस्तूचं मूळ स्वरूप आणि तिचं आपल्याला होणारं दर्शन या दोन वेगळ्या वस्तू आहेत हा सरांचा अर्थ चुकीचा आहे. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या त्या दोन रीती आहेत. मी त्याला कमी गुण दिले आणि वर्गात दोन वाक्यं अशी बोललो की तो पुन्हा काही बोलला नाही. पंधराएक वर्षांनी मूळ ग्रंथ पुन्हा वाचताना लक्षात आलं की पोराच्या म्हणण्याला तिथे भक्कम आधार होता. मी माझ्या शिक्षकांकडून उचललेला अर्थ पुढे ढकलत होतो. त्याचा पत्ता काढणं कठीण नव्हतं. मी काढला नाही. वेर्नर १८१७ साली वारला. तोवर त्याचे उत्तम शिष्य त्याला सोडून गेले होते, पण त्याने कोणाला बघायला नको म्हटलं नव्हतं. बघायला तर त्यानेच शिकवलं होतं. माझ्याबद्दल तेवढंही म्हणता येत नाही.

असो. आता परत या गावात.

हुम्बोल्टला आणखी एक ध्यास होता, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. होकायंत्राची सुई रोज थोडी हलते, कधी कधी एकाएकी थरथरते. हे सगळीकडे एकाच वेळी होतं का? ग्योटिंगेनला गणिती गाउस आणि त्याचा सहकारी वेबर यांनी चुंबकत्व अचूक मोजण्याची रीत बसवली आणि ठिकठिकाणच्या निरीक्षकांचा संघ उभा केला. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे नोंदी करायच्या. १८३६ साली हुम्बोल्टने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं की तुमचं राज्य जगभर पसरलंय, तिथे वेधशाळा काढा. त्यातून कंपनी सरकारने मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय वेधांची व्यवस्था केली. तिथे प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली १८४० च्या सुमारास सहायक म्हणून कोण लागला? पंधरा-सोळा वर्षांचा केरो लक्ष्मण छत्रे. जन्म मुक्काम नागाव!

केरूनानांना आपण गणिती आणि ज्योतिषी म्हणून ओळखतो, 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिणारे, टिळक-आगरकरांचे गुरू म्हणून ओळखतो. पण त्यांची पहिली शाळा म्हणजे ती वेधशाळा. तिथे त्यांनी जवळजवळ दहा वर्षं काढली. तिकडे बर्लिनमध्ये म्हाताऱ्या हुम्बोल्टने ज्याचा ध्यास घेतला होता, त्याच कामात इकडे आपला मुलगा सुईवर डोळा ठेवून बसलेला. पुढे हुम्बोल्टच्याच शिफारशीने श्लागिंटवाइट हे जर्मन बंधू १८५४ त मुंबईला उतरले आणि दख्खन ओलांडून चुंबकत्व मोजत मद्रासपर्यंत गेले. त्यांच्यातला भूशास्त्रज्ञ आडोल्फ १८५७ त काश्गरला मारला गेला. ती कथा वेगळी.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या सुया बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय वेध अलिबागला आणले. दोन वर्षं दोन्हीकडे मिळून नोंदी घेतल्या, म्हणजे मालिका तुटायला नको. ती वेधशाळा इथून हाकेच्या अंतरावर आजही चालू आहे. आता गंमत बघा. तिची इमारत इथल्या दगडाची नाही, पोरबंदरचा दगड आणलाय. दारात एवढा काळा कातळ, कुलाबा किल्ल्याची तटबंदी त्याच्याच प्रचंड चिऱ्यांची, आणि दगड काठेवाडहून! कारण आपला कातळ स्वतःच थोडा चुंबक आहे. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. लाव्हा निवत जाताना, साधारण ५८० अंशांच्या खाली, हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत पक्के होतात. विषुववृत्तावर ती दिशा आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी उभी होत जाते. म्हणजे कातळाला विचारता येतं, बाबा रे, तू थिजलास तेव्हा कुठे होतास?

हा प्रश्न महत्त्वाचा ठरला तो आल्फ्रेड वेगेनरमुळे. हा बर्लिनचा, जन्म १८८०, शिक्षण खगोलशास्त्राचं, काम हवामानाचं. ६ जानेवारी १९१२ ला फ्रांकफुर्टच्या व्याख्यानात त्याने सांगितलं की खंडं एके काळी जोडलेली होती आणि सरकत दूर गेली. १९१५ मध्ये पुस्तक आलं. भूशास्त्रज्ञांनी त्याला झोडपून काढलं. एक तर हा बाहेरचा, आणि खंडं सरकवणारं बळ कोणतं, याचं त्याने दिलेलं उत्तर खरोखरच लंगडं होतं. टीकाकार मूर्ख नव्हते हे लक्षात ठेवा. १९३० च्या नोव्हेंबरात ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला, वय पन्नास. पुढच्या मे महिन्यात देह सापडला.

१९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी दख्खनचा बेसॉल्ट तपासला, नंतर आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनीही. उत्तर आलं की हा कातळ थिजला तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे तीस अंशांवर होता. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. आज अलिबाग साडेअठरा अंश उत्तरेला आहे. म्हणजे तुमच्या विहिरीतला दगड पाच हजार किलोमीटरांहून जास्त चालून आलाय. भारत सरकला याचे जे भक्कम पुरावे मिळाले, त्यांतला हा एक. सरकवणारं बळ नीट कळायला आणखी काही वर्षं लागली.

(व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं की त्यांच्या विहिरीच्या दगडात पांढरे, काचेसारखे खडे निघतात, ते काय?)

छान प्रश्न. लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे राहतात, त्या पोकळ्या. नंतर लाखो वर्षं त्या दगडातून पाणी झिरपलं, आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक पोकळीत जमले. झिओलाइट म्हणतात, कधी गारगोटीच्या जातीचेही असतात. म्हणजे दगड आगीचा, पण आतला खडा पाण्याचा. तेवढ्यापुरते वेर्नर गुरुजी बरोबर. एखादा ठेवलाय का घरी? उद्या सकाळी मी इथेच आहे, घेऊन या. बघू.