चढावर कोण पुढे?

नॉर्वे-स्वीडनमध्ये हिवाळ्यात जमीन बर्फाखाली जाते आणि शाळकरी मुले पायांत लांब, अरुंद स्की अडकवून रानोमाळ फिरू लागतात. डोंगरावरून नुसते घसरत येण्याचा हा खेळ नव्हे. चढ, उतार आणि सपाटी असा सगळा रस्ता स्वतःच्या बळावर तोडायचा असतो. स्वीडनमध्ये १९२२ साली सुरू झालेली वासालोपेट ही शर्यत तर ९० किलोमीटरांची आहे!

धावताना मुख्य काम पायांचे. येथे मात्र दंड, खांदे, पाठ आणि पोट यांचे स्नायूही काठ्या रेटत असतात. इतक्या स्नायूंना एकाच वेळी ऑक्सिजन पुरवणे ही हृदयाची कसोटीच होय. निरोगी तरुण पुरुष जास्तीत जास्त श्रम करताना वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला साधारण ४० ते ५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. अव्वल पुरुष स्कीपटूंत हा आकडा ८० च्याही वर जातो.

मग मुलांची ही क्षमता मोजली की भावी विजेता कळेल का? तितके सोपे नाही. समजा, एकाच वर्गातली दोन मुले आहेत. एकाचे वजन ४० किलो, तो मिनिटाला २.४ लिटर ऑक्सिजन वापरतो. दुसरा ६० किलोचा, तो ३.३ लिटर वापरतो. किलोमागे हिशेब केला तर पहिल्याचे ६० मिलिलिटर, दुसऱ्याचे ५५. सरस कोण? चढावर प्रत्येकाला आपलेच वजन उचलायचे असते, म्हणून तेथे हलका मुलगा पुढे. सपाटीवर हवेचा अडथळाही महत्त्वाचा ठरतो. शरीर वाढते त्या मानाने त्याचे हवेला भिडणारे क्षेत्रफळ कमी वाढते (घनाची बाजू दुप्पट केली की घनफळ आठपट, क्षेत्रफळ मात्र चौपटच होते). त्यामुळे तेथे थोराडाची सरशी होऊ शकते.

आता खरी गोम. हा दुसरा मुलगा बहुधा लवकर वयात आलेला असतो, एवढेच. उंचीचा झपाटा मुलींमध्ये सरासरीने बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण दोन मुलांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो. आपल्याकडे 'चौदा वर्षांखालील गट' जन्मतारखेवरून ठरतो, वाढीवरून नव्हे. वर्षभरात मुलाची वेळ सुधारली की प्रशिक्षक खूश होतात. त्यात सरावाचा वाटा किती आणि नुसत्या वाढीचा किती, हे कोणी विचारत नाही. उशिरा वाढणारा मुलगा मात्र निवडीतून गळतो, आणि पुष्कळदा खेळच सोडतो.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने १९८७ साली मुलांच्या खेळासाठी नियम केले. तेथे आज अकरा वर्षांखालील मुलांच्या निकालाच्या याद्या लावत नाहीत, आणि तेरा वर्षांखालील मुलांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरता येत नाही. मुलग्यांच्या बाबतीत तेराची ही रेषाही आम्हाला जरा अलीकडचीच वाटते. त्यांच्यापैकी अनेकांची खरी वाढ त्यानंतरच सुरू व्हायची असते.